तांडेलांनी मागितलेला नांगर

१९९७ साली, नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, मंचरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेली मासेमारीची जोडहोडी मुरूडच्या अलीकडच्या एका लहान बंदरातून चाचणीसाठी समुद्रात नेली. समुद्र खवळलेला होता. होडीवर पाच माणसं होती. खाडीचं तोंड ओलांडल्यावर इंजिन बंद पडलं आणि होडी खडकांकडे वाहू लागली. कोणी दगावलं नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, ते दिवाळीनंतर परत आलं.

वर्कशॉप हायवेला लागून होतं. पुढच्या बाजूला नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लोखंडकाम चाले: नांगर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कांद्याच्या चाळींचे सांगाडे. मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे धाकटे भाऊ, सुधाकरकाका, फायबरचं काम करत. काका पिंपरीला बसचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा काकू आणि लहान मुलाला घेऊन ते मंचरला आले, आणि नानांनी वर्कशॉपची मागची भिंत पाडून त्यांच्यासाठी ते शेड उभं केलं. घर वर्कशॉपच्याच वर होतं. त्यामुळे आमच्या घरात भाकरी थापण्याचा आवाज आणि ग्राइंडरचा आवाज एकाच वेळी येत, आणि आई ग्राइंडर थांबल्यावरच बोलत असे. बोलायचं साठून राहिल्यामुळे ती मग एकदम बरंच बोले. फायबरला जे रेझिन लागतं त्याचा वास गोड आणि उग्र असतो. तो काकूच्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचायचा. "तुमच्या घरात भाकरीला बी पॉलिश असतं," असं ती नानांच्या देखत म्हणायची आणि नाना हसायचे. त्या जागी आता मोटारसायकलींचं शोरूम आहे. तिथे कसलाच वास येत नाही.

मी पदवी घेऊन घरी होते आणि काकांच्या हाताखाली काम शिकत होते. काचेच्या तंतूंची मॅट कापायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळायचा, ब्रश मारायचा, थर बसवायचा. हार्डनर किती घालायचा हे हवेवर ठरतं. उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात जास्त, आणि फारच दमट असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचं. काकांकडे काम मात्र बेताचंच यायचं. ट्रॅक्टरचं बॉनेट, मोटारसायकलचं मडगार्ड, एखाद्या मंगल कार्यालयाची कमान. काकूच्या भावाने पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. दसऱ्यापासून हजर व्हायचं होतं. काका जायला तयार नव्हते आणि न जाण्याचं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. नानांचं म्हणणं एकच होतं: "हातानं वस्तू घडवणारा माणूस दिवसभर गेट उघडत बसणार व्हय? मंग ह्या शेडात म्या काय कोंबड्या पाळू?"

धर्मा तांडेल आमच्याकडे आले ते बस फुटली म्हणून. कोकणातून अष्टविनायकाला निघालेली त्यांच्या गावची गाडी लेण्याद्री आणि ओझर करून परतत होती. मंचरच्या बाजारात तिने कांद्याच्या ट्रकला पुढून धडक दिली आणि समोरचा फायबरचा भाग फुटला. काकांनी तो दुपारभरात जोडून दिला. बाकीचे यात्रेकरू पिंपळाखाली झोपले, तांडेल मात्र काकांच्या शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. काळाभोर, रुंद पंजांचा माणूस, डोक्याला लाल टोपी. त्यांनी जोडलेल्या भागावर बोटाने टकटक केलं, मग मुठीने ठोकलं, मग काकांना विचारलं, "होडी करशील?"

काका म्हणाले, "आमी होडी बघितली न्हाई, राव. डिंभ्याच्या धरणात एक बघितलीये, ती बी बुडालेली."

तांडेलांचा भाचा प्रकाश काही काळ परदेशी जहाजावर होता. त्याने आणलेला एक फोटो तांडेलांच्या पाकिटात होता. फोटोत दोन लांबट, अरुंद होड्या शेजारी शेजारी, वर आडव्या तुळया आणि तुळयांवर सपाट फळी. अशी होडी डोलते कमी आणि फळीवर जाळ्यांना जागा भरपूर राहते, म्हणून त्यांना ती खोल पाण्यातल्या मासेमारीला हवी होती. त्यांच्याकडचे सुतार लाकडाशिवाय बोलायला तयार नव्हते. नानांनी फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "हे तर सोपं हाय. दोन बैल आन् वर जू."

तांडेल त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवले. आईने पाहुण्यांसाठी म्हणून मासवडी केली होती. आमच्या भागात मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वळकटी. ती कापून झणझणीत रश्श्याबरोबर खातात. नाव ऐकून तांडेल सावरून बसले. पहिली वडी त्यांनी बोटांनी उकलली, दुसरी उकलली, मग रश्श्यात चमचा फिरवला. शेवटी हळूच म्हणाले, "वयनी, मासा कुठं हाय?" आई म्हणाली, "भाऊ, मासा नसतो त्यात. दिसायला तशी." तांडेलांनी थोडा विचार केला आणि सहा-सात वड्या खाल्ल्या. निघताना त्यांनी अट सांगितली. होडी ते शांत पाण्यात बघणार नव्हते. "खवळल्या पान्यात नेईन. सांदा टिकला तर होडी माझी. सांदा सुटला तर परत टरकावर घालायची नि मंचरला न्यायची." सांधा म्हणजे जिथे नानांची लोखंडी तुळई काकांच्या फायबरच्या अंगात शिरते ती जागा. असे चार सांधे होते. त्या चार सांध्यांवर काकांचं मंचरमधलं राहणं ठरणार होतं, आणि घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काम बुद्धपौर्णिमेला सुरू झालं, कारण त्या दिवशी वर्कशॉप बंद असे आणि जागा मोकळी मिळाली. तांडेलांनी मुहूर्ताचं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "मुहूर्त आमच्यात नसतो. नारळ तुमी तुमच्या दारात फोडा. आमी खीर खातो." पुढचे दोन-अडीच महिने शेडमध्ये दोन लांब अंगं आकार घेत होती. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून विचारायचे, "ओ पावणं, धरण फुटणाराय का?" बैलगाडा शर्यतीचा नाद असलेली मंडळी तर रोज यायची. त्यांनी डावीकडच्या अंगाला आणि उजवीकडच्या अंगाला बैलांची नावं दिली आणि कुठलं पुढे पळेल यावर चर्चा केली.

याच काळात तांडेलांचा फोन आला. फोन शेजारच्या एसटीडी बूथवर यायचा आणि बूथवाला हाक मारायचा. नाना धावत गेले. लाइन खरखरत होती. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की तांडेलांना एक नांगरही हवा आहे, चांगला मजबूत. पुढचं ऐकू येण्याआधी लाइन तुटली. त्यावर कोणी शंका घेतली नाही. कोकणात भाताची शेती असते, भाताला नांगर लागतो आणि नानांचा नांगर तालुक्यात नावाजलेला होता. कोकणातल्या चिखलात चालावा म्हणून त्यांनी फाळ नेहमीपेक्षा रुंद ठेवला. 'जहाजाने बंदरात नांगर टाकला' हे वाक्य शाळेच्या पुस्तकात आम्ही सगळ्यांनीच वाचलेलं होतं. पण ते जहाजाचं वाक्य होतं, आणि हा नांगर आमच्या दारात इतर नांगरांच्या रांगेत उभा होता. नानांनी त्याला निळा रंग दिला.

होडीची पहिली परीक्षा डिंभ्याच्या पाण्यात झाली. तुळया तात्पुरत्या बसवल्या आणि माशांच्या वजनाऐवजी बाजारसमितीतून आणलेली बटाट्याची पोती फळीवर रचली. होडी तरंगली. काठावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका आजोबांनी नानांना विचारलं, "बटाटं त्या काठाला विकायचं हाय का?" काकांनी चारही सांध्यांवरून हात फिरवला आणि बराच वेळ पाण्यातच उभे राहिले. नंतर होडी सुटी करून दोन ट्रकांवर चढवली. मागे निघालेल्या टोकांना लाल फडकी बांधली आणि खंडाळ्याच्या घाटातून खाली नेली. बंदरावर तुळया कायमच्या बसवल्या, सांध्यांवर शेवटचे थर चढवले आणि ते वाळेपर्यंत आम्ही तांडेलांच्या ओटीवर मुक्काम केला. त्यांच्याकडे तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र आणि मऊ. नाना प्रत्येक जेवणात ती उचलून बघायचे आणि "छान हाय, पन पोटात थांबत न्हाई," म्हणायचे. सुकटाचा वास, बोंबलांच्या काठ्या, बायकांचे मोठमोठ्याने चाललेले संवाद, आणि सगळ्याच्या मागे न थांबणारा समुद्राचा आवाज. आमच्या घरी ग्राइंडर निदान जेवताना बंद व्हायचा.

चाचणीच्या सकाळी माझ्यावरून थोडी चर्चा झाली. किनाऱ्यावरचा एक म्हातारा तांडेलांना म्हणाला, "बाईमानूस होरीत घेतंस?" काका म्हणाले, "ती न्हाई आली तर सांदा कोन ऐकनार?" ते खरं होतं. फायबर चिरलं तर डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळतं. पापड मोडल्यासारखा बारीक आवाज येतो. समुद्रात सांध्यांवर आळीपाळीने हात ठेवून तो आवाज टिपणं हे माझं काम होतं. तांडेल म्हणाले, "बस. पन वकलीस तर वाऱ्याच्या दिशेनं वक." मग त्यांनी काकांना विचारलं, "नांगर घेतला?"

"घेतलाय," काका म्हणाले. "डाव्या अंगात, झाकणाखाली."

"दोर?"

"बांधलाय. नानांनीच गाठ मारलीये."

तांडेलांचं समाधान झालं आणि आम्ही निघालो. सुकाणूवर तांडेल, इंजिनाजवळ प्रकाश, मधे नाना आणि काका, पुढच्या तुळईवर पालथी मी.

त्या दिवशी लाटा किती मोठ्या होत्या याबद्दल माहितगारांत एकमत नाही. नाना म्हणायचे, दोन पुरुष उंच. हे लिहिण्याआधी मी काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, एक पुरुष, जास्त नाही. तांडेलांच्या मते समुद्र खवळलेला नव्हताच, नुसता जागा होता. माझ्यापुरतं एवढंच सांगता येईल की लाटेच्या खळग्यात गेल्यावर किनारा दिसत नव्हता आणि वर आल्यावर दिसत होता. होडीचं एक अंग वर चढलं की दुसरं खाली जाई, आणि तो सगळा पीळ तुळयांवर, म्हणजे सांध्यांवर येई. लोखंड कण्हत होतं. नाना मोठ्याने म्हणाले, "डावा लई वढतोय!" तांडेलांना ते कळलं नाही. होडी मात्र चालत होती. फळीवर उभं राहता येत होतं, हे प्रकाशने दोनदा उभं राहून दाखवलं.

खाडीचं तोंड ओलांडून दक्षिणेला वळलो तेव्हा इंजिन घुसमटलं आणि थांबलं. कोणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा वाहत आलेला तुकडा इंजिनाच्या पंख्यात गुंतला होता. वारा किनाऱ्याकडे होता. डाव्या हाताला काळे खडक होते आणि त्यांच्यावर पाणी फुटताना पांढरं दिसत होतं. तांडेलांनी एकदाच तिकडे पाहिलं.

"नांगर टाक!"

काकांनी झाकण उघडलं, वाकले आणि दोन्ही हातांनी निळा नांगर बाहेर काढला.

तांडेलांनी सुकाणू धरलेलंच होतं. ते नांगराकडे बघत राहिले. "ह्यो काय हाय?"

"नांगर," काका म्हणाले.

"आरं, ह्यो शेताचा नांगर हाय!"

"मंग नांगर कशाचा असतो?" हे नाना. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तुमीच मागितला की! रुंद फाळाचा केलाय मुद्दाम!"

"मी होरीचा नांगर बोल्लो!"

"होडीला नांगर कशाला? पान्यात काय पेरताय?"

"आधी टाका!" प्रकाश मागून ओरडला. "टाका नि मग भांडा!"

काकांनी नांगर टाकला. निळा रंग क्षणभर पाण्याखाली दिसला, मग दोर सरसरत गेला आणि ताणला. होडीला हिसका बसला. त्याच हिसक्यात पुढच्या डाव्या सांध्यात माझ्या हाताखाली पापड मोडला, आणि तुळईवरून सरकलेली फळी परत आली तेव्हा मधे माझा अंगठा होता. मी ओरडले ते अंगठ्यासाठी, पण काकांनी आधी सांध्याकडे पाहिलं. त्यांनीही आवाज ऐकला होता.

नानांनी दोर दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे मिटले होते. शेतात नांगर चालवताना जमिनीच्या आतलं हाताला जसं कळतं तसं ते बोलत होते. "तास धरला... सुटला... खाली गाळ हाय, मऊ... धरला. धरला बगा. सुटला." नांगर होडीला थांबवत नव्हता, तो समुद्राचा तळ नांगरत होता. पण वाहण्याचा वेग निम्म्याने कमी झाला होता. काकांनी प्रकाशचे पाय धरले, प्रकाश मागे लोंबकळून सुरीने जाळं कापू लागला. दर लाटेला त्याचं डोकं पाण्याखाली जाई आणि वर येताना तो शिवी देई. ती मामांना होती, नांगराला की जाळ्याच्या मालकाला, हे स्पष्ट झालं नाही. खडकांवरचे खेकडे दिसू लागले तेव्हा पंखा मोकळा झाला. दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला इंजिन चालू झालं. नांगर मात्र वर येईना, कुठेतरी अडकला होता. तांडेलांनी कोयत्याने दोर तोडला. नाना म्हणाले, "आरं आरं."

किनाऱ्याला लागल्यावर होडी वाळूवर ओढली. गाव जमलं होतं. तांडेलांनी पहिले तीन सांधे नुसते हाताने चाचपले. चौथ्याजवळ ते गुडघ्यांवर बसले. वरच्या थराला बोटभर लांब चीर होती. त्यांनी सुरीच्या टोकाने ती खरवडली, आत बघितलं, जीभ लावून खारटपणा किती आत गेलाय ते पाहिलं. काका बाजूला उभे होते. त्यांनी विडी काढली होती, ती पेटवलेली नव्हती. नाना काही बोलणार होते, मी त्यांचा सदरा ओढला.

"चामडी फाटली," तांडेल म्हणाले. "हाड साबूत हाय." ते उठले, गुडघ्यांची वाळू झटकली. "टरक नको. हितंच दुरुस्त कर."

काकांनी विडी पेटवली.

संध्याकाळी तांडेलांच्या घरी पापलेट होतं. नानांना काटे काढता येईनात, तेव्हा तांडेलांची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्या माशात काटा नसतो म्हनं," आणि ओटीवरचे सगळे हसले. मासवडीची गोष्ट गावभर झाली होती. नांगराची सकाळपर्यंत झाली. आम्ही निघालो तेव्हा मुलं नानांच्या मागे 'नांगरवाले, नांगरवाले' करत एसटीपर्यंत आली. नानांनी त्यांना हात केला.

काका मागे राहिले. दुरुस्ती दोन दिवसांची होती, पण हवा इतकी दमट होती की रेझिन धरेना. ते पाऊस उघडायची वाट बघत बसले. बसलेल्या माणसाकडे लोक काम घेऊन येतात. एकाने गळकी लाकडी होडी आणली आणि विचारलं, हिला बाहेरून तुमचं ते कातडं चढवता येईल का. काकांनी चढवलं. मग दुसरी आली. पितृपंधरवड्यात त्यांचा बूथवर फोन आला, तेव्हा नानांनी विचारलं, "कधी येतो?" तिकडून आवाज नीट येत होता. काका म्हणाले, "नाना, हितं काम लई हाय. होड्या घाटावरून आनन्यापेक्षा मीच हितं बरा." नाना म्हणाले, "बरं हाय." परत येताना ते वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये गेले आणि पत्र्याचा एक सुटलेला खिळा ठोकून बाहेर आले. वॉचमनच्या जागेवर काकूच्या भावाने दुसरा माणूस दिला.

तांडेलांची जोडहोडी त्याच मोसमात मासेमारीला गेली. काकांनी बंदराजवळ झावळ्यांचं छप्पर टाकलं, पुढे ते पत्र्याचं केलं. काकू आणि मुलगा दिवाळीनंतर गेले. त्यांच्याबरोबर दोन ट्रंका, शेगडी आणि आईने दिलेलं बाजरीचं पोतं होतं. नानांनी पोतं स्वतः एसटीच्या टपावर चढवलं, दोराने बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरले. कंडक्टरने घंटा दिली. मंचरच्या स्टँडवरून गाडी वेळेवर सुटली.